अध्यक्षांची कवळी

१

अध्यक्षांच्या तोंडात आपण दुसऱ्याच कोणाचे तरी दात बसवतोय, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं तेव्हा बाहेर रस्त्यावर डॉक्टरांच्याच निवडणूक प्रचाराचा भोंगा वाजत होता. डॉक्टरांनी कवळी पुन्हा ओली केली, पुन्हा टाळूला लावली, अंगठ्याने दाबून पाहिली. सोडली की ती खाली यायची. अध्यक्षांनी डोळे मोठे करून वर पाहिलं. डॉक्टरांनी कवळी हातात घेतली आणि उजेडाकडे धरली.

"ही तुमची नाही," ते म्हणाले.

डॉक्टर दातांचे होते, शिवाय दात घासायच्या ब्रशांचा एक छोटा कारखाना त्यांचा होता, पण गावात त्यांची ओळख वेगळीच होती. नगराध्यक्षपदाची निवडणूक आली की ते अर्ज भरायचे आणि निकाल लागला की हरायचे. इतक्या वेळा हरले होते की लोक त्यांना उमेदवार डॉक्टरच म्हणायचे. दर वेळी त्यांना हरवायचे ते हे अध्यक्ष. आणि या अध्यक्षांच्या तोंडात वरचा एकही दात स्वतःचा नव्हता. वरची सगळी कवळी डॉक्टरांच्याच दवाखान्यात बनलेली. हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. भाषणात एकमेकांची सालटी काढायची आणि कवळी टोचायला लागली की गुपचूप यायचं, असा त्या दोघांचा रिवाज होता. डॉक्टरांनी ही गोष्ट कधी प्रचारात वापरली नाही. वापरावी असं त्यांच्या मनातही आलं नाही.

आदल्या संध्याकाळी अध्यक्षांच्या कवळीला तडा गेला होता. ती सांधायला ठेवली होती. आज दुपारी नगरभवनात दोन्ही उमेदवारांची एकाच मंचावर सभा होती, आणि अध्यक्ष सकाळी कवळी न्यायला आले होते.

डॉक्टरांनी कपाटातून अध्यक्षांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा काढला आणि कवळी त्यावर ठेवून पाहिली. एका बाजूने टेकली, दुसऱ्या बाजूने उचललेलीच राहिली. शंकेला जागाच उरली नाही.

अध्यक्षांचा पुतण्या दाराशी उभा होता. तो तडक बाहेरच्या खोलीत गेला आणि थांबलेल्या पेशंटांना ऐकू जाईल असं म्हणाला की डॉक्टरांनी काकांच्या तोंडाचं काहीतरी करून ठेवलंय, काकांना आता बोलता येत नाहीये, आणि ते नेमकं आजच.

२

शेजारच्या खुर्चीत एक बाई अर्ध्या तोंडाने बसून होत्या. अर्धं तोंड बधिर झालेलं होतं, कारण डॉक्टरांनी त्यांना दाढ भरण्यासाठी सुई दिली होती आणि मग या गोंधळात ते त्यांना विसरले होते. या बाई पोलिसांत होत्या, आता निवृत्त. सगळे त्यांना जमादारबाई म्हणत. ओठाच्या कोपऱ्याला रुमाल धरून त्या उठल्या, डॉक्टरांच्या हातातली कवळी घेतली आणि खिडकीपाशी गेल्या.

डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी, त्यांना हात जोडले. सभेच्या आत हे निस्तरलं नाही तर आमचं काही खरं नाही, असं त्या म्हणाल्या. जमादारबाईंनी मान हलवली. बोलायचं म्हणजे लाळ सांभाळायची, म्हणून त्यांनी ठरवलं की विचारायचं थोडं आणि बघायचं जास्त.

आधी कवळी बनवणारा कारागीर आला. गाव त्याला कवळीमास्तर म्हणे. तो मागच्या खोलीत काम करायचा आणि त्या खोलीत बाकी कोणी सहसा जात नसे. त्याने कवळीकडे पाहिलं न पाहिलं आणि सांगून टाकलं की ही आपल्याकडची नाही, कुठून आली मला ठाऊक नाही. मी सकाळी झाकण लावलेली वाटी उचलली आणि डॉक्टरांच्या हातात दिली, एवढंच.

डॉक्टरांनी कवळीच्या हिरडीवर नख फिरवलं. दोन दातांच्या मध्ये हिरडीला बारीक खोलगट वळण दिलेलं होतं.

"हे वळण या गावात एकच माणूस काढतो, मास्तर," ते म्हणाले. "हात तुझा आहे."

मास्तर खाली बघायला लागला. त्यानंतर त्याला काहीही विचारलं तरी तो फक्त मान हलवत होता.

मग पुतण्या. त्याला विचारलं की काकांना बोलता आलं नाही तर सभेत कोण बोलणार. तो म्हणाला, मीच, काकांचं भाषण मला तोंडपाठ आहे. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जरा जास्तच उत्साह दिसला. अध्यक्षांनी तोंडावर हात धरून त्याच्याकडे एक कटाक्ष टाकला. डॉक्टरीणबाईंना हा पुतण्या पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होता. खुर्चीवर बसायची घाई झालीय त्याला, असं त्या जमादारबाईंच्या कानात म्हणाल्या.

पण पुतण्याही गप्प बसणारा नव्हता. तो म्हणाला, ताईंनाच विचारा की. नवऱ्याच्या निवडणुकांना कंटाळलेल्या आहेत, अख्ख्या गावाला माहीत आहे. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की मला चोरायचंच असतं तर मी यांचा उमेदवारी अर्ज चोरला असता, दुसऱ्याचे दात घेऊन मी काय करू.

राहिला डॉक्टरीणबाईंचा धाकटा भाऊ, डॉक्टरांचा मेहुणा. प्रचाराचं सगळं तोच बघायचा. बाहेरच्या भोंग्यातून ऐकू येत होता तो त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज. भिंतीवर मोठा फलक होता, त्यात दोन्ही ओळींचे दात दाखवून हसत होता तोही हाच. फलकावर लिहिलं होतं, 'आमचा ब्रश, असे दात.' डॉक्टर पेशंटांना मेहुण्याचे दात दाखवून सांगायचे, बघा, निगा राखली की असं होतं. आज मात्र मेहुणा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होता. गळ्याला फडकं गुंडाळलेलं, मांडीवर थर्मास. प्रचारात ओरडून ओरडून घसा पार बसला होता. जमादारबाईंनी काहीही विचारलं तरी तो घशाकडे बोट दाखवायचा आणि हात हलवून नाही म्हणायचा.

बाहेरच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाई बघून आल्या. दोन पेशंट उठून निघून गेले होते.

३

पुतण्याने दार अडवून ठेवलं होतं. कवळी सापडेपर्यंत कोणी आतून बाहेर जायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मागच्या खोलीचे कप्पे, पेशंटांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या पाण्याच्या वाट्या, पॉलिशचं यंत्र, सगळं उलटसुलट करून झालं. अध्यक्षांची कवळी कुठेच नव्हती.

बाहेरून आणखी एक पेशंट गेला. मग एक बाई आपल्या मुलीला हाताला धरून घेऊन गेली. जाताना ती दाराशी थांबली, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि काही न बोलता गेली. डॉक्टरांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. ते जमादारबाईंपाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "मी हरतो, त्याची मला सवय आहे. हरून घरी जातो, दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडतो. पण या माणसाने विरोधकाचं तोंड मुद्दाम बिघडवलं असं एकदा पसरलं, तर उद्या माझ्यासमोर तोंड कोण उघडणार?"

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसाठी चहा आणला होता. जमादारबाईंनी एक घोट घेतला आणि तो ओठाच्या बधिर बाजूने हनुवटीवर आला. त्यांनी चटकन रुमाल लावला आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. कोणी पाहिलं नव्हतं. मेहुण्याने तर चहाचा कप तसाच शेजारी ठेवून दिला होता. बिस्किटही नको म्हणाला होता.

जमादारबाई त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. आपण रुमाल जसा धरलाय तसंच त्याने ते गळ्याचं फडकं वर ओढून धरलं होतं. घसा गळ्यात असतो. फडकं ओठांपर्यंत आलं होतं.

त्या त्याच्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या की घशाला बरं वाटेल, थर्मासमधलं पाणी घ्या थोडं.

मेहुण्याने थर्मास छातीशी धरला.

४

"सगळे बसा," जमादारबाई म्हणाल्या. बधिरपणा उतरायला लागला होता, जीभ जरा वळत होती. त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि ती परकी कवळी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

त्या म्हणाल्या, आपण सकाळपासून चोर शोधतोय. पण चोरी झाली असती तर वाटी रिकामी मिळाली असती. चोर कधी घेतलेल्या दातांच्या बदल्यात दुसरे दात ठेवून जात नाही. म्हणजे इथे चोरी झालेलीच नाही, अदलाबदल झालीय. एकसारख्या दोन वाट्या शेजारी शेजारी होत्या आणि कोणीतरी घाईत चुकीची उचलली. असं होऊ नये म्हणून डॉक्टर प्रत्येक वाटीवर पेशंटचं नाव लावतात. अध्यक्षांच्या वाटीवर ते नव्हतं, कारण अध्यक्षांनाच ते नको होतं. आणि दुसऱ्या वाटीवरही नव्हतं. म्हणजे या दवाखान्यात गुपचूप कवळी वापरणारा आणखी एक माणूस आहे, डॉक्टरांपासूनही लपवलेला. मास्तरला तो माहीत आहे.

मास्तरने डोळे मिटून घेतले.

जमादारबाई पुढे म्हणाल्या, आता त्या माणसाचा विचार करा. सकाळपासून त्याच्या तोंडात वरचे दात नाहीत. साधा माणूस असता तर आत्तापर्यंत इथे येऊन भांडला असता. हा आला नाही. किंवा असं म्हणा, की हा आलाय, पण बोलत नाही.

डॉक्टरीणबाईंनी हळूच पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने घाबरून आपले दात दाखवले.

"घसा बसलेला माणूस कुजबुजतो," जमादारबाई म्हणाल्या. "कुजबुजायला तोंड उघडावं लागतं. यांनी सकाळपासून ओठ उघडलेले नाहीत. घशासाठी पाणी जवळ ठेवलंय आणि त्यातला एक घोट घेतलेला नाही."

मग त्या कवळी घेऊन भिंतीपाशी गेल्या आणि फलकातल्या हसणाऱ्या तोंडाशेजारी ती धरली. कवळीतल्या पुढच्या एका दाताच्या कडेला बारीक खाच होती, सुतळी दातात धरून ओढली की पडते तशी. फलकातल्या त्याच दाताला, त्याच जागी, तशीच खाच होती.

"हिचा मालक या खोलीत दोन ठिकाणी आहे," त्या म्हणाल्या. "एक भिंतीवर आणि एक स्टुलावर."

५

मेहुण्याने थर्मासचं रुंद झाकण काढलं. आत साधं पाणी होतं आणि पाण्यात अध्यक्षांची कवळी. कोरडी ठेवली तर वाकडी होते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने ती पाण्यात जपून ठेवली होती. डॉक्टरांनी ती चिमटीने काढली, धुतली, अध्यक्षांच्या तोंडात बसवली. ती टाळूला चिकटली. अध्यक्षांनी दोनदा दात मिटून पाहिले आणि खोल श्वास सोडला.

मेहुण्याने काही न बोलता हात पुढे केला. डॉक्टरांनी त्याची कवळी त्याला द्यायच्याऐवजी त्याच्या तोंडात स्वतः बसवली. मग मेहुणा बोलला. घसा अगदी ठणठणीत होता.

त्याने सांगितलं ते असं. मागच्या प्रचारात कापडी फलक बांधताना शिडी सरकली आणि तोंड कठड्यावर आपटलं. वरचे पुढचे दात गेले, वरचे बाकीचे हलायला लागले. त्याने परगावी जाऊन तेही काढून घेतले. बहिणीला सांगितलं की ओठ फुटलाय, म्हणून थोडे दिवस बाहेर राहतो.

"ताई, तुला कळलं असतं तर तू दाजींना पुन्हा उभंच राहू दिलं नसतंस," तो म्हणाला. "आणि दाजींना कळलं असतं तर ते स्वतःच उभे राहिले नसते."

मास्तर त्याचा जुना दोस्त. त्याने मागच्या खोलीत गुपचूप कवळी बनवून दिली. ती इतकी झकास झाली की डॉक्टर मेहुण्याच्या दातांचं कौतुक करायला लागले आणि एक दिवस फोटोवाल्याला घेऊन आले. त्यानंतर खरं सांगायची सोयच राहिली नाही. काल संध्याकाळी कवळी पॉलिशला दिली, आज सकाळी मास्तर बाहेर गेला असताना मेहुण्याने आपली समजून शेजारची वाटी रिकामी केली आणि घरी आरशासमोर उभा राहिल्यावर त्याला चूक कळली. परत बदलायला आला तोवर त्याची कवळी अध्यक्षांच्या तोंडापर्यंत पोचली होती, आणि मग पुतण्याने दार अडवलं.

मास्तरने हात जोडले. नोकरी गेली असं धरूनच तो उभा होता. डॉक्टरांनी त्याचे जोडलेले हात खाली केले.

"वाईट बनवली असतीस तर मी त्याच दिवशी ओळखलं असतं," ते म्हणाले. "आता मी रागावू कशाला?"

आणि ते हसायला लागले. आधी डॉक्टरीणबाईंना वाटलं की हे रडतायत. मग त्यांनाही हसू फुटलं. अख्ख्या गावाला मी कवळी दाखवत फिरलो, असं म्हणत डॉक्टर डोळे पुसत होते. मग ते स्टुलावर चढले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो फलक भिंतीवरून उतरवला. कारखान्यातही निरोप धाडला की असले सगळे फलक आजच काढा. जमादारबाईंची माफी मागून त्यांनी दाढही भरून दिली.

पण बाहेरची खोली रिकामी झाली होती. एकही पेशंट उरला नव्हता. खरं काय ते त्यांना सांगायचं, तर अध्यक्षांचं गुपित फोडावं लागलं असतं. डॉक्टरीणबाईंनी तसं सुचवून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, पेशंटच्या तोंडातली गोष्ट मी माझ्या तोंडाने सांगणार नाही, मग काहीही होवो.

अध्यक्षांनी ते ऐकलं. ते पुतण्याला घेऊन निघून गेले.

६

नगरभवन भरलं होतं. डॉक्टर आत आले तेव्हा बोलणं थांबलं, आणि ते मंचाकडे जाताना दोन्ही बाजूंची माणसं जरा मागे सरकली. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणत होता की मी तर गेल्याच महिन्यात याच्याकडून दाढ काढून घेतली, नशीब माझं, वाचलो. डॉक्टरांनी ऐकलं. ते आपल्या खुर्चीत बसले आणि जोड्यांकडे बघत राहिले.

आधी अध्यक्षांची पाळी होती. ते माईकपाशी उभे राहिले तसे लोक माना उंचावून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. अध्यक्षांनी रस्त्यांपासून सुरुवात केली. दिव्यांवर आले. आवाज खणखणीत होता, शब्द स्वच्छ होते. मग ते पाण्याच्या नळांवर आले आणि मध्येच थांबले. पुढचं वाक्य विसरले असं वाटून पुतण्या खालून सांगायला लागला. अध्यक्षांनी त्याला हाताने गप्प केलं.

"सकाळपासून गावात एक गोष्ट फिरतेय," ते म्हणाले, "की डॉक्टरांनी माझ्या तोंडाचं वाटोळं केलं. आता बघा."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, माणसांकडे पाठ केली, आणि परत वळले तेव्हा त्यांच्या हातात रुमालावर कवळी होती आणि गाल आत गेले होते. अध्यक्षांनी कवळी सगळ्या बाजूंना दाखवली, पुन्हा पाठ केली, तोंडात बसवली आणि म्हणाले की ही यांनीच बनवलेली आहे, कितीतरी निवडणुकांपासून मी हिच्यावरच भाषणं करतोय आणि या माणसाला हरवतोय. यांनी मनात आणलं असतं तर कधीच सांगता आलं असतं. यांनी सांगितलं नाही. आज सकाळी घोटाळा झाला तो माझ्याच लपवाछपवीमुळे. मत तुम्ही मला द्या. पण दातांसाठी यांच्याकडेच जा.

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. मग सगळं नगरभवन हसायला लागलं, आणि त्या हसण्यात चेष्टा कमी आणि हायसं वाटणं जास्त होतं. डॉक्टर जोरजोरात टाळ्या वाजवत होते. मेहुण्याने त्यांची बाही ओढली आणि कानात सांगितलं की दाजी, हा समोरचा उमेदवार आहे. डॉक्टरांनी टाळ्या थांबवल्या नाहीत.

मग त्यांची पाळी आली. भाषण तयार होतं. पण ते माईकपाशी पोचतात न पोचतात तोच एका आजींनी विचारलं की अशी कवळी बसवून घ्यायला आधी सगळे दात काढावे लागतात का. डॉक्टरांनी सांगितलं, मुळीच नाही, शक्य तेवढे वाचवायचे. मग तोच तो म्हातारा उठला आणि त्याने काढलेल्या दाढेच्या जागी थंड लागतं अशी तक्रार केली. डॉक्टरांनी त्याला मंचावरूनच शेजारच्या दाढेविषयी विचारलं. मग मुलीला हाताला धरून गेलेल्या त्या बाईने हात वर केला आणि विचारलं की मुलीचे दुधाचे दात पडत नाहीयेत, उद्या सकाळी आणू का. डॉक्टर म्हणाले, आणा. असं करत करत हिरड्या झाल्या, किडके दात झाले, ब्रश कसा धरायचा ते झालं, आणि सभा चालवणाऱ्याने वेळ संपल्याची घंटा वाजवली.

घरी चालत जाताना डॉक्टरीणबाई नवऱ्याच्या शेजारून चालत होत्या. त्यांचा चेहरा सकाळपेक्षा कितीतरी मोकळा होता.

"तुम्ही एकदासुद्धा मत मागितलं नाहीत," त्या म्हणाल्या.

डॉक्टर थांबले. त्यांनी आठवून पाहिलं. खरंच मागितलं नव्हतं.

"राहिलंच की," ते म्हणाले. "पुढच्या निवडणुकीत मागीन."

डॉक्टरीणबाई नेहमीप्रमाणे 'आता निवडणुका पुरे' असं म्हणणार होत्या. पण त्यांनी हसून नवऱ्याचा हात धरला, आणि दोघं घरी गेले.